उद्यापन राहिलेला उपास

त्या गुरुवारी मी दत्ताच्या दर्शनाला निघालो तो हात जोडायला नाही, भांडायला. साताऱ्याहून गाडी काढली, मागे माझी मुलगी रेवती आणि तिची आई. सांगलीच्या अलीकडे कृष्णाकाठी आमचं नेहमीचं लहानसं देऊळ आहे. वाटभर मी मनातल्या मनात देवाला सुनावत होतो. कॉलेजात जाणारी पोर तुझ्यासाठी उपाशी राहते आणि तू तिलाच वाळवतोस? कसला रे देव तू?

रेवतीचे उपास सोळा सोमवारांपासून सुरू झाले. मग गुरुवार आला, मग चतुर्थी, एकादशी. मला तिचं कोण कौतुक! पाहुण्यांत सांगत सुटायचो की आजकाल अशी श्रद्धा शोधून सापडायची नाही. साबुदाण्याची खिचडी ती स्वतः करायची, आम्हाला आग्रहाने वाढायची आणि स्वतः मात्र तूप सोसत नाही म्हणून बाजूला व्हायची. उपास नसेल त्या दिवशी "कॉलेजात खाल्लं" म्हणून ताटावरून उठायची. वैशाखात अंगात स्वेटर, कंगव्यात केसांचे पुंजके, पोट खपाटीला गेलेलं आणि तरी आरशासमोर उभी राहून "किती सुटलेय मी" म्हणायची. जेवणावरून कुणी बोललं तर एरवीची गरीब पोर अंगावर धावून यायची. पाळी बंद झाल्याचं तिच्या आईला माहीत होतं. अशक्तपणा असेल म्हणून आम्ही टॉनिक आणलं, दृष्टही काढली. सगळं डोळ्यांसमोर होतं, पण उपास म्हटलं की आमच्यासारख्या घरात कुणी पुढे काही विचारत नाही.

देवळात पोहोचलो तेव्हा नैवेद्याची वेळ झाली होती. पुजाऱ्यांनी गाभाऱ्याचा पडदा ओढला, सगळे थांबले, आणि रेवती भोवळ येऊन पायरीवर बसली. शेजारी जतकडच्या एक वयस्क बाई होत्या. त्यांनी तिचा गार पडलेला हात धरला, आईला पाणी आणायला पिटाळलं आणि मला विचारलं, पोरीचा कसला उपास आहे? मी मोठ्या अभिमानाने एकेक वार सांगितला.

"आन् उद्यापन कवा हाय?"

व्रताची सांगता ठरलेली असते. चारचौघांना जेवू घालायचं आणि मग आपणही जेवायचं. रेवतीच्या सोमवारांचं उद्यापन राहूनच गेलं होतं. विषय काढला की ती "अजून थोडे दिवस" म्हणायची, आणि मला ती भक्तीच वाटायची.

"दादा, राग मानू नगा," त्या म्हणाल्या. "ज्याला शेवट न्हाई त्यो उपास न्हवं, दुखणं हाय. माझं पोरगं भरतीसाठी पळायचं. चोरून लय खायचं आन् घराच्या मागं जाऊन वकायचं. आमी म्हणायचो पित्त हाय. डॉक्टर म्हणाले, ह्यो जेवणाचा आजार मनातनं येतो. आता बरा हाय, त्यो बघा पत्रावळ्या मांडतोय. पोरीला दाखवा. तिला बोल लावू नगा."

तेवढ्यात पडदा सरला. समोर दत्ताची मूर्ती होती आणि माझ्याजवळ भांडायला काही उरलं नव्हतं. पोर माझ्यासाठी उपाशी नव्हतीच रे, असं देवच म्हणाल्यासारखं वाटलं. त्या बाई म्हणजे साक्षात दत्त, असं मी म्हणणार नाही. पंगतीत त्यांनी खीर दोनदा मागून घेतली. पण नेमक्या त्या वेळी त्या तिथे होत्या, एवढं मात्र खरं.

साताऱ्यात मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे उपचार सुरू झाले. रेवती रडली, चिडली, कितीतरी दिवस आमच्याशी बोलली नाही. पोरीने अन्नावर ताबा मिळवलाय असं मला वाटत होतं. तिला अन्नाची भीती वाटत होती. उपचार अजून चालू आहेत, वाईट दिवसही येतात. डॉक्टरीणबाईंनी मला एक पथ्य दिलं : ती जेवताना तिच्या ताटाकडे बघत बसायचं नाही. शाबासकी नको, दटावणी नको. मला काही ते जमेना. पेपरच्या आडून बघायचोच.

आमच्या घरची पूजा माझ्याकडे असते. एका दुपारी रेवतीच्या आईला ताप आला म्हणून स्वयंपाकही मीच केला. नैवेद्याचं आधी चाखत नाहीत. तसंच ताट देवापुढे ठेवलं, पाणी फिरवलं, डोळे मिटले, आणि एकदम थांबलो. आजवर देवापुढे इतकी ताटं ठेवली, पण तो किती खातो हे मी कधी डोळे किलकिले करून पाहिलं नाही. ताट प्रेमाने ठेवायचं आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं. मग पोरीच्या बाबतीतच माझा विश्वास एवढा तोकडा का?

रेवतीचं पान वाढलं. देवाला म्हटलं, आता तुझं तू बघ. आणि खाली मान घालून माझा भात कालवायला लागलो. माझा पहिला घास अजून हातातच होता.

"बाबा, आमटीत मीठ नाहीये."

मी मान वर केली नाही. डोळे भरून आले होते. मिठाची वाटी चाचपडत तिच्याकडे सरकवली आणि मनोमन हात जोडले. इतकी वर्षं नैवेद्य दाखवतोय, देवाने कधी मिठाचं नाव काढलं नव्हतं.