पाहुण्यांना पाणी छबूच देणार

आमच्या वहिनींनी पोटच्या पोरीच्या सोयरिकी स्वतःच्या हातानं मोडल्या.

त्या वहिनी काल गेल्या.

कालपासून लोक फोनवर सांगताहेत, "फार मायाळू बाई होती हो." मी हो म्हणतो. मायाळू वगैरे ठीक आहे. पण त्या मायेनं मला किती पिडलं, ते कोणी विचारत नाही. म्हणून इथं लिहितो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. दादा-वहिनी कुंभार पिंपळगावला, शेती करून. मी अंकुशनगरला, कारखान्यावर नोकरीला. थोरली पुतणी सुनंदा लग्नाची झालेली. धाकटी छबू, नऊ-दहा वर्षांची.

छबूला बोलणं उशिरा आलं, तेही चार-दोन शब्द. हात थरथरायचे. गाव तिला 'येडी' म्हणायचं. तोंडावर.

मला शाळेतल्या कवितांचं वेड. अजूनही एकटा असलो की चाल लावून म्हणतो. त्या कवितांतली आई म्हणजे कशी? चांदण्यासारखी. सायीसारखी.

आमच्या वहिनी भाकरी थापता थापता ओरडायच्या, "छबे, नाक पूस! पाहुणे यायलेत, पेले कुठंयत?"

कारण सुनंदाला बघायला पाहुणे आले की त्यांना पाणी द्यायचं काम छबूचं. हा वहिनींचा कायदा.

स्थळं मी आणायचो. कारखान्यावर चार लोकांत शब्द टाकायचा, विनवण्या करायच्या, जीप ठरवायची. बैठकीत सतरंजी, वर धुतलेली चादर. आत सुनंदा साडी नेसून तयार. आणि पहिल्यांदा बाहेर कोण यायचं?

छबू. हातातल्या ट्रेमध्ये पेले नाचताहेत.

एकदा मुलाच्या मामाच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर आख्खा ट्रे.

मामा म्हणाले, "ही... अशीच आहे का?"

वहिनी दारातून म्हणाल्या, "न्हाई, कधी कधी दोन पेले बराबर पोचतेत."

पाहुणे "कळवतो" म्हणून उठले. काय कळवणार, डोंबल!

दादा कपाळाला हात लावून ओसरीवर. सुनंदा आत हुंदके देत, "आई, तुला माझं लग्न करायचंय का न्हाई?"

मी तर भडकलोच. "वहिनी, दोन तास शेजारच्या घरी बसवलं हिला तर काय आभाळ कोसळतंय? तिला कुठं काय कळतंय?"

"कळतंय," वहिनी म्हणाल्या. "दिवाळीत तुमच्या दादानं हेच केल्तं. पाहुणे येणार म्हणून हिला शेजारी धाडल्तं. मंग संक्रांतीला माझा भाऊ आल्ता. दारात जीप वाजली, अन् ही आपणहून कणगीमागं जाऊन बसली. चपला हातात घेऊन. सख्खा मामा आला तिचा, भाऊजी. अन् ही लपली."

मी कणगीकडं बघितलं.

"एका दिवसात शिकली बघा. आता ते तिच्या डोक्यातून काढायचंय. त्याला जितके पाहुणे लागतील तितके लागू द्या. तुम्ही आणत राहा."

ऐका! म्हणजे स्थळं मी आणायची सुनंदासाठी, आणि ही बाई ती वापरणार छबूसाठी!

"अन् सुनंदाचं काय?"

"हिला बघून जो पळंल, तो उद्या सुनंदाला ताप आला तरी पळंल. पळू द्या की जल्दी."

मी आणखीच चिडलो.

पुढं वर्षभर मी स्थळं आणत राहिलो आणि पेले सांडत राहिले. कारखान्यावर लोक विचारायला लागले, "काय हो, यंदा कुणाला भिजवणार?"

शेवटी पिंपळगाव रेणुकाईची मंडळी आली. मुलाची आई धिप्पाड, बडबडी. छबूनं पाणी थेट तिच्या मांडीवर ओतलं.

मी डोळे मिटून घेतले.

बाई लुगडं झटकत म्हणाली, "अगं बया! आंघोळ करूनच आल्ते की मी!" आणि खदाखदा हसली. मग म्हणाली, "आता प्यायला आण. तहान लागून राह्यली."

छबू लपली नाही. पुन्हा पेला घेऊन आली. पोचला तेव्हा निम्माच होता. बाईनं तो संपवला आणि तिला जवळ बसवून घेतलं. सुनंदाला बघायचं राहिलंय, हे त्यांना नंतर आठवलं.

लग्नात मंगलाष्टकं मी रचली. महिनाभर खपून, वृत्त सांभाळून. करवली अर्थातच छबू. तिनं प्रत्येक ओळीला अक्षता उडवल्या. 'सावधान' तर मला म्हणूच दिलं नाही, माझ्या आधी तीच ओरडायची. मांडव हसतोय. मी वहिनींकडं पाहिलं, म्हटलं आता तरी आवरतील.

वहिनींनी तिच्या ओंजळीत आणखी अक्षता घातल्या.

माझं काव्य वाया गेलं. तो राग अजून आहे.

आज सकाळी अंत्यविधी उरकून घरी आलो, तर नवीनच टेन्शन. दादा तर आधीच गेलेले; मग छबू आता कुणाकडं राहणार, यावरून भांडण. छबूच्याही केसांत आता पांढरं आलंय. सुनंदा म्हणते, माझ्याकडं. माझी बायको म्हणते, "तुझ्याकडं माणसांचा राबता लई, आमच्याकडं निवांत राहील." आणि सुनंदाची सासू, आता अंथरुणाला खिळलेली, फोनवरून ओरडतेय, "तिची खाट टाकून ठिवलीय, आणा लवकर!"

सुतकाचं घर, आणि बायका एकमेकींवर डाफरताहेत.

मी वैतागून म्हणालो, "अगं, तिलाच विचारा की!"

सगळ्या छबूकडं बघायला लागल्या.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भाकरी आली होती. छबूनं भाकरीचा तुकडा मोडला आणि मान वर न करता म्हणाली,

"जेवते. मंग सांगते."

आणि जेवत राहिली. आम्हा सगळ्यांना ताटकळत ठेवून.

तिला बिलकुल घाई नव्हती.

वहिनी, तुमच्यापुढं आयुष्यभर हरलो. निघा आता निवांत.

चिडक्या दिराचा शेवटचा नमस्कार.