नगरमधलं वाचन आणि माझी वीस मिनिटं

आफ्रिकेतल्या एक नामांकित कादंबरीकार बाई नगरला येऊन जाहीर वाचन करणार, ही बातमी वाचली आणि माझा चहा कडू झाला. त्यांना बोलावणारी साहित्यसंस्था म्हणजे मी जिचा सभासद आहे तीच. तिच्या कार्यवाहांकडे मी माझं पुस्तक घेऊन किती खेटे घातले होते. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात मी दलाली केली. दुसऱ्याची म्हसरं हाकण्यापासून सुरुवात करून घर, गाडी, पोरींची शिक्षणं सगळं तिथंच कमावलं. त्या बाजारावर पुस्तक लिहिलं आणि स्वतःच छापलं. त्यातली चार पानं संस्थेच्या व्यासपीठावर वाचावीत, एवढंच मागणं होतं. कार्यवाह निवृत्त प्राध्यापक. ते म्हणाले होते, "शेठ, लिहिलंय छान. पण सगळं बोलीत आहे. आपल्या श्रोत्यांना जड जाईल."

तेव्हा वाचनाच्या दिवशी मी बायकोला घेऊन मुद्दाम पुढेच बसलो.

बाई उंच, डोक्याला पिवळंधमक कापड बांधलेलं. आधी मी माझ्या आईच्या बोलीत वाचते, मग कॉलेजच्या मॅडम मराठी अनुवाद वाचतील, असं त्यांनी सांगितलं. आणि वाचायला लागल्या. एक शब्द कुणाला कळत नव्हता. तरी सभागृह चिडीचूप. एकाचा मोबाईल वाजला तर चौघांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. बोली जड जाणारे ते हेच श्रोते.

"जरा हळू श्वास घ्या," बायको कुजबुजली. "लोक वळून बघाया लागले."

मग मॅडमनी मराठीतून वाचलं. एक म्हातारी आपली गाय विकायला बाजारात नेते. गाईला कळू नये म्हणून वाटभर तिला सांगत राहते, की आपण पाहुण्यांकडे चाललोय, संध्याकाळी परत येऊ. बस, एवढंच. माझी बायको पदरानं डोळे पुसत होती. मी माझं पुस्तक वाचून दाखवलं तेव्हा तिला दुसऱ्या पानावर झोप लागली होती.

"रडतीस काय? आपल्या बाजारात रोज हेच हुतं," मी म्हणालो.

"हुतं की. पन तुमी गाईचं दातच मोजत बसला."

माझ्या पुस्तकातही अशी म्हातारी आहे. तिच्या गाईची किती वेतं झाली, दूध किती, दातांवरून वय किती, सगळं मी लिहिलंय. ती वाटेत गाईशी काय बोलली असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. बायको खरं बोलली, म्हणून जास्त झोंबलं.

वाचन संपल्यावर बाईंभोवती सह्यांसाठी झुंबड उडाली. मी कार्यवाह सरांना व्हरांड्यात गाठलं.

"सर, बाईंची बोली कुणाला कळली?"

"कळायची गरज नव्हती हो. तिचा नाद ऐकायचा होता."

"नाद विमानानं आला तरच ऐकू येतो का तुम्हाला?"

सर हसले, पण जरा वरमले. "बरं, पुढच्या बैठकीत दहा मिनिटं घ्या."

"वीस."

"दहाच जमतील, शेठ. बाकीचेही वाचणारे आहेत."

"मग राहू द्या," म्हणून मी पाठ फिरवली.

बाजारात सौदा अडला की गिऱ्हाईक असंच निघतं. पाय हळू टाकायचे, मागे बघायचं नाही. मालक हाक मारतोच, आणि त्या हाकेत मधला आकडा असतो. मला पंधरा चालली असती.

मी हळूहळू फाटकाकडे निघालो. बायको मागून आली.

"चपला घाशीत काय चाललाय? हाकेची वाट बघताय व्हय?"

"गप चल."

"अवो, मास्तर हायती ते. त्यान्ला वाटलं, तुमाला नकोच हाय."

फाटकाशी पोचलो तेव्हा सरांचा आवाज आला. ते सगळ्यांना बाईंबरोबर फोटोसाठी बोलावत होते.

"जा, दहा तर दहा म्हना," बायको म्हणाली.

सोडलेल्या सौद्यावर मी कधी परत गेलो नाही. गाडी सुरू केली. त्यानंतर संस्थेच्या बैठका होऊन गेल्या, तिथं कोणकोण वाचून गेलं. सर रस्त्यात भेटले की नमस्कार करतात. दहा मिनिटांचा विषय ते काढत नाहीत, आणि मीही काढत नाही.