भुवनेश्वरीची पक्कड

आमच्या कॉलनीत भुवनेश्वरीला सगळे कटिंग मास्तर म्हणतात. अक्कलकोट रोडला शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे, तिथे ती कापड कापते. कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक अंथरायचे, वर खडूने आखायचं आणि यंत्राचं पातं एका दमात फिरवायचं. सोलापुरात हे काम बहुतेक पुरुषांच्याच हातात असतं. सतरा वर्षांपूर्वी भुवनेश्वरी तिथे बटणं लावायला लागली. एका जूनमध्ये ऐन घाईत मास्तर आजारी पडला, तेव्हा ही बटणांचा डबा बाजूला ठेवून टेबलाशी उभी राहिली. ती अजून तिथेच आहे.

तिच्या अंगणात ताडपत्रीखाली एक पांढरी मोटार होती. सासऱ्यांची, म्हणजे शिवप्पांची. शिवप्पा गेले आणि गाडी जागेवर बसली. भुवनेश्वरीचा नवरा प्रभु सरकारी कचेरीत कारकून. गाडीचे कागद त्याने वेळच्या वेळी, फायलीला लेबल लावून चालू ठेवले होते. पण बोनेट उघडलं की त्याला घाम फुटायचा. चालवायचा परवाना घरात होता तो भुवनेश्वरीकडे. शिवप्पांनीच तिला होटगी रोडला नेऊन गाडी शिकवली होती.

दोन वर्षं अशीच गेली. मग एका सकाळी सासूबाई काशम्मा चहाची बशी खाली ठेवत म्हणाल्या, "भुवनव्वा, मला पार्वतीला बघायचंय."

पार्वतम्मा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. लग्न होऊन जेऊरला गेली त्याला पन्नास वर्षं झाली. आगगाडी जेऊरला थांबते; पण काशम्मांच्या गुडघ्यांना डब्याच्या पायऱ्या जमेनात. प्रभु म्हणाला, "भाड्याची गाडी सांगू की."

"भाड्याची कशाला? ह्यांची गाडी हाय की दारात," काशम्मा म्हणाल्या. "तिच्यातनंच जायचं."

त्या रविवारी ताडपत्री निघाली. भुवनेश्वरीने फोनवर व्हिडिओ बघितले, शिवप्पांची पाना-पेटी उघडली आणि एकेक काम हातात घेतलं. बॅटरी नवी आणली. प्लग काढून घासले. ब्रेकचं काम मात्र तिने गॅरेजवाल्याकडून करून घेतलं. "गाडी चालली न्हाय तर ढकलता येती, थांबली न्हाय तर काय करायचं?" असं तिचं म्हणणं. राहिलं इंजिनचं ऑइल. जुनं ऑइल सोडायला इंजिनच्या तळाला एक बोल्ट असतो. पूर्वी कुणीतरी त्याला चुकीचा पाना लावून त्याचे सहाही कोपरे गोल करून ठेवले होते. पाना बसवला की नुसता फिरायचा.

अशा बोल्टला ग्रिप प्लायर लागतो. दिसायला पक्कडच, पण दांड्याच्या शेवटाला एक स्क्रू असतो. तो फिरवून जबडा हवा तेवढा लहान-मोठा करायचा, दांडे दाबायचे, की पक्कड खट्‌कन लॉक होते. मग हात सोडला तरी ती पकड सोडत नाही. आतली छोटी कळ दाबली की सुटते. भुवनेश्वरीने रस्त्यावरच्या हातगाडीवरून असली एक चकचकीत पक्कड आणली. बोल्टला लावली, लॉक केली, जोर लावला. जबडा एका अंगाला तिरका झाला, दात घसरले आणि तिची मूठ जाऊन लोखंडावर आपटली. चार बोटांची सालं निघाली.

काशम्मा हळद घेऊन धावल्या. प्रभु गॅरेजवाल्याचा नंबर शोधायला लागला. भुवनेश्वरी पायरीवर बसून त्या पक्कडीकडे बघत होती. तिने दांडे धरून डावी-उजवीकडे हलवले. जबडे जोडणारा मधला खिळा खुळखुळला.

"अहो, हे बघा," ती प्रभुला म्हणाली आणि हसायलाच लागली. "असली ढिल्या खिळ्याची कात्री मी टेबलावर तरी ठेवू दिली असती का? चकाकतीय म्हणून घेऊन आले! इतकी वर्षं कात्र्या निवडतीय मी. मला कुणी सांगायला पायजे होतं का?"

पुढच्या मंगळवारी तिने अर्धी रजा टाकली आणि प्रभुच्या स्कूटरवर मागे बसून हत्यारांच्या दुकानात गेली. दुकान सिद्धरामअण्णांचं. चिंचोळं, छतापर्यंत पाने टांगलेले, मधोमध लोखंडी टेबल आणि त्याला वस्तू आवळून धरणारा व्हाइस बसवलेला. अण्णा सत्तरीचे, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यांनी प्रभुकडे बघून विचारलं, "बोला सर, काय देऊ?"

"मला काय नको," प्रभु घाईघाईने म्हणाला, "हिला पायजे."

भुवनेश्वरीने सांगितलं. अण्णांनी तीन पक्कडी टेबलावर मांडल्या. "ही घ्या अक्का, लई खपती."

तिने पहिली उचलली, मिटली आणि दाराकडे तोंड करून उजेडात धरली. जबड्याची टोकं जुळली होती; पण मध्ये एका बाजूने उजेडाची बारीक रेघ दिसत होती. तिने ती खाली ठेवली. दुसरीचे दोन्ही जबडे चिमटीत धरून आडवे हलवले. हलले. तीही गेली. तिसरीचा स्क्रू फिरवला, तर तो मध्येच अडून पुढे उडी मारत होता.

"आटे नीट पाडलेले न्हाईत," ती म्हणाली.

अण्णांनी चष्मा पुसला. "तुमचं गॅरेज हाय का?"

"न्हाय. मी कापड कापते."

"मग हे कुटं शिकला?"

"कात्रीला बी दोनच पाती आणि एकच खिळा असतो की, अण्णा. खिळा ढिला तर कापड चावतं. पाती जुळली न्हाईत तर टोकाला कापत न्हाय. हिचं काय वेगळं असंल?"

अण्णा उठून आतल्या कपाटातून एक पुडकं घेऊन आले. तेलाच्या कागदात गुंडाळलेली दहा इंची पक्कड. रंग मळकट राखाडी, हातात जड. दांड्यावर क्रोम व्हॅनेडियमचा शिक्का. प्रभुने तो मोठ्याने वाचला आणि "चांगलं पोलाद दिसतंय" असं म्हणाला.

"शिक्का कशावर बी मारता येतो, सर," अण्णाच म्हणाले. "अक्का, तुमी बघा."

तिने उजेडात धरली. रेघ नाही. हलवून बघितली, खिळा घट्ट. पर्समधून चहाच्या पुड्याचा पातळ कागद काढला, जबड्याच्या अगदी टोकात धरून लॉक केलं आणि ओढलं. कागद फाटला, पण टोकातला तुकडा तिथेच राहिला. दातांवरून तिने अंगठा फिरवला. मग जबडा मोठा करून दांडे एका हातात धरायला गेली आणि थांबली. दांडे इतके फाकत होते की बोटं पोचेनात.

"गाडीखाली आडवं पडल्यावर दुसरा हात कुटनं आणू?" ती म्हणाली. "ह्याच जातीची लहान हाय का?"

"सगळे मोठी मागत्यात."

"त्यांचे हात मोठे असतील."

लहान होती. सात इंची. भुवनेश्वरीने तिच्याही सगळ्या परीक्षा पहिल्यापासून घेतल्या. शेवटी म्हणाली, "एक झिजलेला बोल्ट व्हाइसमध्ये धरता का?"

अण्णा आता मोठ्याने हसले. "अवो अक्का, पक्कड घेताय का जावई बघताय?"

"जावयाला दिवाळीलाच बोलवायचं असतंय. ही रोज हातात घ्यायचीय."

अण्णांनी बोल्ट शोधून व्हाइसमध्ये आवळला. तिने पक्कड लावली, स्क्रू थोडा आवळला, परत लावली. खट्. मग दांड्यावर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार टाकला. पक्कड जागची हलली नाही. टेबल मात्र कुरकुरलं आणि टांगलेले पाने एकमेकांवर वाजले. कळ दाबल्यावर पक्कड अलगद सुटली, बोट चिमटलं नाही. बोल्टवर दातांचे सारखे, खोल ठसे उमटले होते. अण्णांनी ते ठसे बोटाने चाचपले आणि आत बघून ओरडले, "चहा सांग रे, तीन!"

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. बोल्टवर आदल्या दिवशी डिझेल सोडून ठेवायचं आणि पक्कड लावल्यावर आधी हातोडीने बोल्टला हलकं ठोकायचं. गंज जागा सोडतो.

रविवारी सकाळी मी दूध घेऊन येत होते, तर त्यांच्या फाटकाशीच थांबले. गाडीची पुढची चाकं भक्कम लोखंडी स्टँडवर चढवलेली, खाली भुवनेश्वरीचे नुसते पाय दिसत होते. काशम्मा खुर्ची टाकून बसल्या होत्या. प्रभु हातात टॉर्च घेऊन, पण तोंड दुसरीकडे करून उभा.

"उजेड इकडं पाडा की! तुळशीला काय दाखवताय?" खालून आवाज आला.

हातोडीचे तीन हलके ठोके. मग खट्. मग जोर लावतानाचा तिचा श्वास. आणि मग अशी किंचाळी आली, की मी दुधाची पिशवी सोडणारच होते. किंचाळला होता तो बोल्ट. लगेच तसराळ्यात काळ्या ऑइलची धार पडू लागली आणि तिच्यापाठोपाठ भुवनेश्वरीचं हसणं. काशम्मांनी टाळ्या पिटल्या. भुवनेश्वरी बाहेर आली ती कपाळावर काळा पट्टा घेऊन. सासूने तो पदराने पुसायला घेतला आणि आणखी पसरवला. नवा बोल्ट आणि नवं ऑइल तयारच होतं. दहा वाजता इंजिन चालू झालं.

जेऊरला निघायचा दिवस ठरला आणि काशम्मांनी मलाही ओढलं. "मागं माझ्यापाशी बसा की बाई. प्रभु पुढं बसून नकाशा बघंल." अशी मीही त्या गाडीत होते.

मोहोळ जवळ आलं आणि खालून खडखडाट सुरू झाला. भुवनेश्वरीने गाडी सावकाश कडेला, एका बाभळीखाली घेतली. सायलेन्सरचा नळा धरणारी पट्टी गंजून तुटली होती आणि नळा खाली लोंबत होता. प्रभुने फोन काढला. तिने नळा निवायची वाट बघितली, रस्त्यापासून लांबच्या अंगाने गोणपाट अंथरलं आणि ती खाली सरकली.

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला. डोक्याला टॉवेल, मागे कडब्याची पेंढी.

"काय झालं? मिस्त्री बोलवू का? मोहोळात माझ्या वळकीचा हाय."

"मिस्त्री हितंच हाय," काशम्मा खिडकीतून म्हणाल्या.

त्याने प्रभुकडे बघितलं. प्रभुने 'मी नव्हे' अशी मान हलवली.

"कुटं हाय?"

"ती काय, गाडीखाली. सून हाय माझी."

तो माणूस उकिडवा बसला. भुवनेश्वरीने तुटक्या पट्टीचं टोक वरच्या आकड्यावर दाबलं, दोन्हींना मिळून पक्कड लावली, स्क्रू आवळला आणि लॉक केली. वरून तारेचे चार वेढे दिले. नळा धरून जोरात हलवला. सगळी गाडी हलली, पक्कड हलली नाही.

"आयला, लई भारी की!" तो म्हणाला. "कसली पक्कड म्हणायची ही?"

मग तिथे बाभळीखाली उभं राहून भुवनेश्वरीने त्याला जबडा उजेडात कसा धरायचा आणि खिळा कसा हलवून बघायचा ते सगळं सांगितलं. प्रभुने मध्येच, "आणि शिक्क्यावर जाऊ नका," अशी भर घातली. त्या माणसाने जाताना प्रत्येकाच्या हातावर मूठमूठ हुरडा ठेवला.

टेंभुर्णीवरून वळून आम्ही दुपारी जेऊरला पोचलो. पक्कड खाली तशीच धरून होती. पार्वतम्मा दारात उभ्या होत्या. बहिणीसारख्याच ठेंगण्या, डोळ्यांवर जाड चष्मा.

"बंदेन अक्का?" त्या म्हणाल्या. कन्नडमध्ये आलीस का अक्का, एवढंच.

"बंदे, बंदे," म्हणत काशम्मा गाडीतून उतरल्या आणि गुडघ्यांचं भान न ठेवता तरातरा चालत गेल्या.

नंतर पार्वतम्मांच्या सुनेने मला सांगितलं, की त्या घरात सासूबाईंची माहेरची कन्नड दुसऱ्या कुणालाच येत नाही. सासूबाई कधी पिठाशी, कधी म्हशीशी कन्नड बोलतात, म्हैस ऐकते. त्या दिवशी दोघी बहिणी जात्याच्या कट्ट्यावर बसून जे बोलत सुटल्या, ते जेवायचं ताट समोर आलं तरी थांबेनात. भुवनेश्वरी तोवर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पट्टी जोडून आली. पक्कड सोडवून, पुसून, तेलाचं बोट फिरवून तिने पेटीत ठेवली.

निघायची वेळ झाली. पार्वतम्मा घरात गेल्या आणि बाहेर आल्या त्या पिशवी घेऊन.

"मी बी येते सोलापूरला. चार दिवस," त्या सुनेला म्हणाल्या. "म्हशीला वेळेवर पाणी दाव."

कुणी काही म्हणायच्या आत त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्यासुद्धा. दोघींच्या मध्ये मी. माझ्या अंगावरून कन्नड इकडून तिकडे जात होतं. मला अर्धं कळत होतं आणि हसू पूर्ण येत होतं. टेंभुर्णीला चहाला थांबलो, तर दोघींनी उतरायलाच नकार दिला.

"गोष्ट अर्धी राहिलीय," काशम्मा म्हणाल्या.

शेवटी भुवनेश्वरीने चहाचे दोन ग्लास खिडकीतून आत दिले. पार्वतम्मांनी बहिणीकडे बघतच एक हात बाहेर काढला, ग्लास घेतला आणि एक शब्दही न तोडता बोलत राहिल्या.