बिजली लाइनीत बसली

"हं, हात नीट धर. सांडू नकोस, देवाचं आहे."

एका बाईचा आवाज आला अन् माझ्या तळहातावर गरम बुंदी पडली.

मी बर्डी बाजाराच्या रस्त्यावर उभी होती. उजव्या हातात माझ्या कुत्रीचा, बिजलीचा, पट्टा. डावा हात मोकळा. बिजली बसली म्हणून मी थांबली होती, ओलांडायची सडक आली असं समजून. डावा हात कवा पसरला, मले कळलंच नाही.

खालून एक म्हातारी खेकसली, "ए बाई, लाइनीत ये ना! तुयी कुत्री रोज मधात बसते, आमच्या आधी खाते. आता तू बी?"

"लाइन कायची?" मी विचारलं.

"देवळापुढं कायची राहते? मागणाऱ्याइची."

ऐका आता. मी मागायले निघाली नव्हती. मी कामाले लागायची तयारी करून राहिली होती. लहानपणी देवी आल्या अन् दोन्ही डोळे घेऊन गेल्या, पण हात शाबूत होते. वेताच्या खुर्च्या विणता येत होत्या मले. बर्डीच्या पल्याड एका दुकानात काम भेटत होतं. मालक एवढंच बोलला होता, "एकटी येत असशील तर ये. रोज कोणी आणून सोडायचं असेल तर नको." माय दुसऱ्याच्या घरची भांडी घासे. ती मले सोडाले निघाली असती तर चूल कशी पेटली असती?

शेजारी फौजेतून परत आलेले काका होते. त्याइनं सांगतलं का विलायतेत आंधळ्याइले कुत्रे रस्ता दाखवतात. झालं! वस्तीतलं एक पिल्लू धरलं, चामड्याचा पट्टा शिवून घेतला. सडक आली का बसायचं. मी गाड्याइचा आवाज ऐकणार, 'चल' म्हणणार, मंग उठायचं. बरोबर बसली का भाकरीचा तुकडा. बाजारात, बस स्टँडवर, गर्दीत, सगळीकडं घेऊन हिंडली मी तिले. लोक हसले. कंडक्टरनं उतरवून दिलं. एका हॉटेलवाल्यानं दोघीइच्या अंगावर पाणी फेकलं. सहन केलं, कारण बिजली शिकून राहिली होती.

पण तिले शिकवणारी मी एकटीच नव्हती. माझ्या हातावर बुंदी टाकणारी ही बाई रोज देवळात येई अन् तिलेही बुंदी चारे. कोणी कुत्रीचे लाड करते, एवढंच मले समजे. बिजली बसली म्हणजे सडक आली, म्हणून मी 'शाब्बास, शाब्बास' म्हणत उभी राहत होती. माझ्या वाळल्या भाकरीपुढं साजूक तुपातली बुंदी. कोण जिंकणार, सांगा.

मूठ बांधून तशीच घरी आली. मायनं मूठ उघडली. मी सगळं सांगतलं. माय म्हणाली,

"तुया बापानं धम्मदीक्षा घेतली ना, त्या दिवसापासून त्याच्या मालकाच्या दारचं उष्टं आणणं बंद केलं. उपाशी झोपलो, पण हात नाही पसरला. अन् तू देवळापुढं..." मंग तिलेच भरून आलं. "मी तरी काय करू वं? कामाले जाऊ का तुले धरून हिंडू?"

खरं सांगू? त्या बाईचा राग होताच, पण त्याहून जास्त माझ्या हाताचा होता. आंधळी म्हणून लहानपणापासून जो तो मले काही ना काही देई. कोणी 'घे' म्हटलं का हात पुढं. मलेही कोणीतरी शिकवलंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकानं कामावर बोलावलं होतं. बिजली देवळापुढं बसली. पट्टा ओढला. उठेना. बाई आलीच.

"नको," मी म्हटलं. "मी कामाले जाऊन राहिली. कुत्रीलेही देऊ नका, बाई."

बाई हसली. "लाजतेस कशाला? तुझी कुत्री तुझ्यापेक्षा शहाणी आहे. आपली जागा कुठं ते तिला कळतं." अन् माझी बोटं उघडून तिनं बुंदी ठेवलीच.

अंगाची लाही लाही झाली. मी हात उपडा केला.

"तिची जागा तुम्ही शिकवली," मी म्हटलं. "मी विसरवीन."

"माजली आहे," कोणीतरी बोललं. म्हातारी हळहळली. अन् बिजलीनं? बिजलीनं ती मातीतली बुंदी चाटूनपुसून खाल्ली. लोक खो खो हसले. मी काय करणार होती? मुक्या जनावराले मारू? पोटभर मी तरी कुठं देत होती तिले!

ती उठेपर्यंत मी तिथंच उभी राहिली. दुकानात पोचली तवा मालक म्हणाला, "पहिल्याच दिवशी उशीर?" अन् काम दुसऱ्याले देऊन टाकलं.

संध्याकाळी माय म्हणाली, "उद्यापासून दुसऱ्या गल्लीनं जात जा वं."

"नाही. त्याच रस्त्यानं जाईन. रोज. ती बसेल, मी उभी राहीन, पण शाब्बास म्हणणार नाही. ती देवळापुढून सरळ चालेपर्यंत मी तो रस्ता सोडणार नाही."

"अन् काम?"

"दुसरं पाहीन. पण तिथूनच जाऊन पाहीन."

सकाळी मायनं आपल्या वाट्यातली अर्धी भाकर फडक्यात बांधून माझ्या कमरेले खोचली. मी बिजलीले हाक मारली. पट्टा धरला, दोन्ही हातानं. मोकळा हात ठेवलाच नाही.