उदयनगरच्या रस्त्यावरची निळी रेघ

आमच्या आळीतल्या बायका कुणाच्या अंगात आलं, कुणाला चिंचेखाली काय दिसलं, हे रंगवून सांगायच्या, तेव्हा मी भाजी निवडत नुसतं हूं हूं करायची. मनात म्हणायची — कामं नाहीत यांना. म्हणून आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही माहेरी, खानदेशात. इथे धारला घरात सगळे मराठी बोलतात, पण शाळा हिंदी, त्यामुळे मराठी वाचत कोणी नाही. तेव्हा कोणी बघेल ही भीती नाही.

माझी मुलगी पल्लवी देवासला माझ्या नणंदेकडे, वन्संकडे, राहून वनरक्षकाच्या भरतीची तयारी करत होती. लेखी परीक्षा पास झाली होती. राहिली होती चालण्याची — लांबचा रस्ता ठरलेल्या वेळेत चालून दाखवायचा. ह्यांचे मोठे भाऊ, आमचे थोरले भावजी, यांचा शब्द घरात शेवटचा. त्यांनी सांगून टाकलं होतं, "या वेळी नाही झालं तर बस्स. मनावर गावचं स्थळ चांगलं आहे, हो म्हणून टाकू. पोरीला जंगलात माकडं हाकलायला पाठवायचं का?"

पल्लवीने माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं. ती चालायला लागली की टिंग वाजायचं आणि नकाशावर एक निळा ठिपका निघायचा, मागे रेघ सोडत. रोज सकाळी ती देवासच्या टेकडीला चक्कर मारायची, तेव्हा रेघेची वाकडी बाळी तयार व्हायची, कानात घालतो तशी. सत्यनारायणाच्या कथेत मधे उठत नाहीत ना, तशी मी ती रेघ पुरी होईपर्यंत पाटावरून उठायची नाही. तिला कळलं तेव्हा हसली.

"आई, ॲप है ये, पोथी नाही. तू उठलीस तरी मी चालणारच."

"तू चाल. मी बसते," मी म्हटलं.

परीक्षा उदयनगरच्या बाजूला होती, जंगलातल्या रस्त्यावर. त्या सकाळी टिंग वाजलं, मी पाट घेतला. ठिपका निघाला. आणि नेमके भावजी आले, मनावरच्या स्थळाचं बोलायला. लग्न होऊन आल्यापासून ते आले की मी पदर घेऊन उभी राहते. त्या दिवशी पदर घेतला... पण बसूनच.

"मंगल, तब्येत ठीक आहे ना?"

"हो. पल्लवी चालतेय. मधे उठता येत नाही."

भावजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. "हे कोणतं नवीन व्रत?"

"दादा, तुम्ही बसा. चहा मी ठेवतो," हे म्हणाले.

"वा भिया," भावजी भावाला म्हणाले, "आता हेच बघायचं राहिलं होतं."

पण बसले. चष्मा लावून तेही मोबाईलमध्ये वाकले. एका पुलाजवळ ठिपका थांबला. मग चक्क मागे फिरला.

"झालं," भावजी म्हणाले. "फिरली तुमची वाघीण." आणि मनावरला फोन लावायला खिशात हात घातला.

माझ्या तोंडून कसं निघालं माहीत नाही. "थांबा, भावजी. अजून रेघ संपलेली नाही."

ते थांबले. ठिपका थोडा वेळ तिथेच होता. मग पुन्हा पुढे निघाला, आधी हळू, मग असा झपझप की आम्ही तिघंही डोक्याला डोकं लावून बघत राहिलो आणि चहा उतू गेला. रेघ शेवटाला पोचली तेव्हाच मी उठले. पाय बधिर झाले होते.

संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. "आई, हो गया. वेळेच्या आत."

"माहीत आहे. पुलाजवळून मागे का फिरलीस?"

ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

"मोबाईलवर पाहिलं की."

"माझा मोबाईल तर आत्याकडे होता, आई. बंद. तिथे नेऊच देत नाहीत."

वन्संनी फोन घेतला. "अगं, सकाळपासून माझ्या कपाटात आहे तो."

मग पल्लवीने सांगितलं, मागून येणारी बागली गावची एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली होती. पल्लवी परत गेली, तिला पाणी पाजलं, उभं केलं, थोडं बरोबर चालवलं आणि मग आपला वेळ भरून काढला. दोघी पास झाल्या.

भावजींची सून इंदूरला कॉम्प्युटरचं काम करते. ती म्हणाली, काकू, जुनं काहीतरी अडकलेलं दिसलं असेल. पण जुनं येणार कुठून? पल्लवी त्या रस्त्यावर आधी कधी गेलीच नव्हती. त्या भागात नेटवर्कही नाही. आणि ॲपमध्ये शोधलं तर त्या दिवसाचं काहीच नाही... आदल्या दिवसाची टेकडी आहे, बस.

आता माझी पोर खाकी घालते. मनावरच्या स्थळाला भावजींनीच कळवून टाकलं, "आमची मुलगी नोकरी करते." कुठल्याही लग्नात पंगतीला बसले की ते हीच गोष्ट काढतात — मी समोर बसून पाहिलं, पोर दुसरीसाठी मागे फिरली आणि तरी वेळेत पोचली. लोक माझ्याकडे वळतात, "खरं का हो, काकू?"

मी मान हलवते. आम्हाला ते दिसलं कसं, हे मला आजही सांगता येत नाही. पण मागे फिरली ती माझी पल्लवीच, एवढं मात्र सांगते, आणि आताशा मोठ्याने सांगते.