सगळ्यांसमोर भरलेलं पान

ट्रंक उघडली तसा डांबरगोळ्यांचा वास आला. तळाशी माझा शाळेतला टेबल रनर होता, टेबलावर मधोमध अंथरायची भरतकामाची लांब पट्टी.

तेव्हा मी रत्नागिरीत इंग्रजी शाळेत आठवीला होते. नाताळच्या सुट्टीआधीच्या कार्यक्रमात शिवणाच्या तासाला आम्ही मुलींनी केलेल्यांतला सर्वांत सुबक रनर हॉलमधल्या टेबलावर अंथरणार होते. तो माझा असावा, एवढंच मला हवं होतं. आईच्या जुन्या सुती साडीचे तीन थर घेऊन मी गोधडीसारखा धावदोरा घातला आणि कडेने हिरव्या रेशमाची वेल भरली. शेवटचं एक पान तेवढं राहिलं होतं.

शिवणाच्या मिसनी रनर उलटा केला. मागे एकही गाठ दिसेना.

"कोणी भरून दिला?"

"मीच, मिस."

"असं? मग हे पान इथे बसून भर."

सगळा वर्ग बघत होता. घामाने सुई निसटायची. पान वाकडं झालं, कापड चुण्या पडून गोळा झालं. मिस नुसत्या हसल्या. टेबलावर दुसऱ्याच मुलीचा रनर गेला.

घरी आईने माझा रनर खिडकीपाशी धरून पाहिला. "खरं सांग गो, दिवाळीत मावशी आलेली, तिने हात लावला ना याला?"

मी रनर तिच्या हातून घेतला आणि ट्रंकेच्या तळाशी टाकला.

आज वेलीवरून बोट फिरवलं. टाके सारखे, शांत आहेत. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी भरलेलं ते एकच पान, आणि नेमकं तेच दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं.