चंद्राची वैरीण

माझ्यामुळे ज्यांची नोकरी गेली, त्या बाईंएवढी चंद्राची वैरीण उभ्या नवी मुंबईत दुसरी सापडणार नाही. कोपरखैरण्याच्या एका शाळेत त्या माझ्या मुलीला आठवीत मराठी शिकवायच्या. उपमा अलंकार सुरू करताना पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर ‘चंद्र, कमळ, हरीण’ लिहिलं आणि त्यावर भली मोठी फुली मारली. तरीही कोणी ‘चंद्रासारखा चेहरा’ लिहिलाच, तर बाईंची तळवली गावची आगरी बोली उसळायची, “चंद्र काय तुजे शेजारी हाय? आयचा चेहरा रोज बगतस ना, तो लिव!” मुलांनी कविता करायची ती स्वतः पाहिलेल्या गोष्टींवर. बाईंचा वर्ग बाजारातही चालू असे. एकदा माझ्यासमोर त्यांनी साताऱ्याकडच्या भाजीवाल्या मावशींना विचारलं, “ही वांगी कशासारखी दिसतायत हो?” मावशी म्हणाल्या, “माज्या जावयावानी. नुसती फुगल्यात. घ्यायची का न्हाई?” बाईंनी आधी ते चिठ्ठीवर उतरवून घेतलं, मग वांगी घेतली. दुसऱ्या दिवशी मावशींचा जावई फळ्यावर होता.

कवितेला त्या गुण देत नसत. समासात लाल पेनाने एकच शब्द लिहीत : ‘खरं?’ मुलाने खाली उत्तर लिहायचं. ‘नाही’ असेल तर कविता पुन्हा करायची.

एका संध्याकाळी मुलीची वही माझ्या हाती लागली. ‘बाबा आले की घर परीक्षेच्या वर्गासारखं होतं. कोणी कोणाकडे बघत नाही.’ समासात ‘खरं?’ आणि त्याखाली तिच्या बारीक अक्षरात, ‘हो.’

मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथला आवाज मी गेटवर ठेवून येत नसे. कधी कधी घरी हातही उठायचा. दुसऱ्या दिवशी वही घेऊन शाळेत गेलो. “या बाई पोरांकडून घरातल्या गोष्टी काढून घेतात,” म्हणालो, आणि मुख्याध्यापकांसमोर मुलीला उभं केलं. “सांग, हे बाईंनीच लिहायला लावलं ना?” तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “हो.” बाई तिथेच उभ्या होत्या. पोरीला खोटं पाडायचं नाही म्हणून की काय, एक शब्द बोलल्या नाहीत. नोकरी करारावरची होती. करार पुढे वाढला नाही. मुलीने त्यानंतर कविता केली नाही. मराठीत तिला आता चांगले गुण पडतात. निबंधातले सगळे चेहरे चंद्रासारखे असतात.

दोन वर्षांनी मी तळवलीला बाईंच्या घरी गेलो. त्या ओट्यावर शिकवणीच्या वह्या तपासत होत्या. “बाई, तेव्हा जरा गैरसमज झाला, परिस्थितीच तशी...” मी सुरुवात केली. त्यांनी लाल पेन वर केलं. “चंद्र नको, साहेब.”

मग मी सांगितलं की मुलीने लिहिलं ते खरं होतं, खोटं मी तिला बोलायला लावलं, आणि त्यांची माफी मागितली. त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, “माजं जाऊ द्या. पोरीला सांगितलंत का?”

घरी पोचलो तेव्हा बोलणी नेहमीसारखी थांबली. मुलगी ताटात बघून जेवत होती. मी तिच्यासमोर बसलो. “तू वहीत लिहिलं होतंस ते खरं होतं. शाळेत खोटं मी बोलायला लावलं. माझं चुकलं, बाळा.”

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“खरं?”

“हो,” मी म्हणालो.